साडेतीन एकर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला एका ओळखीच्यांकडे दिवाळीच्या फराळाला गेलो होतो. पोरं अंगणात, पुरुष मंडळी टीव्हीसमोर, आम्ही बायका ओट्यापाशी, असं आपल्याकडे जे हमखास होतं ते तिथेही झालं होतं. कशासाठी तरी मी दिवाणखान्यात आले आणि शोकेसपाशी थबकले. मुलांच्या सॉकरच्या चषकांशेजारी, पितळी समईला लागून एक वाइनची बाटली उभी होती. काचेवरच सोनेरी अक्षरांत साल कोरलेलं, २०१४, आणि वर बेसबॉलचा चेंडू. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाच्या विजेतेपदाची आठवण म्हणून काढलेली बाटली. घरमालक, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, मागून येऊन अभिमानानं म्हणाले, "एका देणगीच्या लिलावात घेतली. ही उघडायची नाही हं. ही आठवणीची." पश्चिमेच्या खिडकीतून नोव्हेंबरातलं तिरपं ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं, आणि काचेच्या खांद्यापाशी आतला लाल रंग पेटल्यासारखा दिसत होता. वहिनींनी हाक मारली. मी परत गेले, चकली घेतली, करंजीचं कौतुक केलं. पण लक्ष त्या बाटलीतून निघेना.

मी द्राक्षवाल्याची मुलगी. तासगावच्या बाजूची. वाइनचं बूच म्हणजे झाडाची साल असते, ती आतून ओली राहिली तरच फुगून राहते आणि हवा अडवते, म्हणून बाटली आडवी ठेवायची, गार आणि अंधाऱ्या जागी ठेवायची, हे मला इकडे आल्यावर कळलं. पण फळापासून केलेली कुठलीही वस्तू उन्हात उभी करून ठेवायची नसते, एवढं तर लहानपणापासून हाडात भिनलेलं. त्या बाटलीचं बूच वरून सुकत चाललं असणार. वर्षानुवर्षांच्या दुपारी तिनं सोसल्या असणार. आत जे होतं ते आता कदाचित वाइन उरलंही नसेल. दादांना हे सांगणं मला जमलं नाही, कारण त्यांनी ती जपली होती ती मनापासून. घरी येताना गाडीत मी गप्प होते. एखादी गोष्ट आठवणीसाठी ठेवायची आणि ठेवता ठेवताच ती संपवायची, हे माझ्या मनाला फार लागलं.

आमच्या घरी आंबण्याचा वास म्हणजे संकट होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर बेदाणा टाकलेला असायचा. डिपिंगच्या, म्हणजे वाळवण्याआधी घड बुडवतात त्या, पाण्यातून काढलेले घड रॅकच्या जाळ्यांवर एकावर एक थरांनी, वर सावलीची जाळी, आणि दोन आठवडे सगळ्या घराचा जीव त्या जाळ्यांवर. अशात आभाळ भरून आलं की आबा जेवण सोडून शेडकडे पळायचे. ताडपत्र्या ओढल्या जायच्या, आजी देवापाशी दिवा लावायची. तरीही एखाद्या वर्षी पाऊस आत घुसायचाच. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेडमधून तो वास यायचा: गोड, आंबूस, नाकात चिकटून राहणारा. त्या वासावर माश्या यायच्या आणि घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. आजी माळकरी. तिच्या लेखी तर तो वास नुसता नुकसानीचा नव्हता, अमंगळही होता. तिकडे पलूसला वाइन पार्क निघालं, आजूबाजूच्या काहींनी वाइनची द्राक्षं लावली, पुढे काहींनी तीच वेल मुळासकट काढली. या सगळ्या काळात आमच्या उंबऱ्याच्या आत तो विषय आला नाही.

आणि इकडे आल्यावर पहिल्यांदा ऑक्टोबरात नापाच्या, वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या खोऱ्यात गेले, तेव्हा गाडीची काच खाली केली आणि तोच वास आत आला. सगळ्या खोऱ्यात पसरलेला. मी दचकून आभाळाकडे पाहिलं. आभाळ निळंभोर होतं. लोक रस्त्याच्या कडेला थांबून तो वास छातीत भरून घेत होते, हसत होते. टाक्यांमध्ये रस उकळ्या मारत होता, साली वर तरंगून आलेल्या, एक मुलगी लांब दांड्यानं त्या पुन्हा पुन्हा खाली दाबत होती. तिचे हात कोपरापर्यंत जांभळे. मला आबांची आठवण आली आणि थोडा अपराधही वाटला, कारण मला तो वास आवडायला लागला होता.

त्या कोरलेल्या सालाचं मात्र मला खरंच आश्चर्य वाटतं. २०१४. त्या वर्षी दुष्काळ होता आणि काढणी लवकर सुरू झाली होती. २४ ऑगस्टला पहाटे नापाला ६.० तीव्रतेचा भूकंप झाला. तळघरांत रचून ठेवलेली पिंपं एकमेकांवर कोसळली, आधीच्या वर्षांची वाइन जमिनीवरून वाहून गेली, आणि बाहेर वेलींवर नवे घड पिकत लटकलेलेच होते. माणसांनी काचा झाडल्या, पिंपं उभी केली आणि कात्र्या घेऊन बागेत गेली. मग ऑक्टोबर आला. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, जायंट्स कॅन्सस सिटीशी सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत गेले. २९ ऑक्टोबरच्या रात्री मॅडिसन बमगार्नर हा डावरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर मध्येच मैदानात उतरला आणि पाच डाव त्यानं प्रतिस्पर्ध्याला एक धाव घेऊ दिली नाही. शेवटचा झेल पाब्लो सँडोव्हालनं घेतला आणि पाठीवर पडून दोन्ही हात वर केले. त्या रात्री त्या वर्षीची द्राक्षं वेलीवर नव्हती. ती टाक्यांत, पिंपांत, आंबत, निवळत होती.

म्हणजे विजेत्यांसाठी वाइन करणाऱ्याची गोष्ट अशी असते. वर्ल्ड सिरीज आणि काढणी एकाच वेळी येतात. संघ जिंकतो तेव्हा त्याच्यासाठी केलेली वाइन अजून ढगाळ रस असते. काबर्ने सोव्हिन्योंसारखी तगडी जात असेल तर ती दीड-दोन वर्षं ओकच्या पिंपांत राहते. पिंप श्वास घेतं, थोडी वाइन उडून जाते, ती जागा सतत भरत राहावी लागते, नाहीतर हवा शिरते. मग बाटलीत. बाटलीत गेल्यावरही ती काही महिने भांबावलेली असते, तिला गप्प ठेवावं लागतं. तिच्यातला तुरटपणा मवाळ व्हायला आणखी काही वर्षं. आणि संघ? सँडोव्हालनं तो शेवटचा झेल घेतल्यावर महिन्याच्या आत बॉस्टनशी करार केला. त्या रात्री एकमेकांच्या गळ्यात पडलेली पोरं पुढच्या हंगामात वेगवेगळ्या शहरांच्या गणवेशांत होती. पुढे बमगार्नरही ॲरिझोनाला गेला. वाइन प्यायला तयार होते तेव्हा ज्यांच्यासाठी ती केली तो संघ या जगात उरलेलाच नसतो.

मला या कामातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

सगळ्याच आठवणीच्या बाटल्या अशा निगुतीनं केलेल्या नसतात, हेही सांगायला हवं. पुष्कळदा कुठलीतरी तयार वाइन घ्यायची, तिच्यावर संघाचं चिन्ह चिकटवायचं आणि जल्लोष ओसरायच्या आत दुकानात ठेवायची, असंही होतं. त्यात मला रस नाही. चिन्ह उतरलं की आत काहीच उरत नाही. काही प्रयत्न मात्र मनापासूनचे वाटतात. २००७ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सच्या तीन खेळाडूंच्या नावानं तीन वाइन निघाल्या होत्या, त्यांची मिळकत दानाला गेली. टिम वेकफिल्ड हा बोटांच्या टोकांनी धरून, फिरकी न देता, हवेत डुलत जाणारा चेंडू टाकायचा. त्याच्या वाइनच्या नावात त्या चेंडूचंच नाव गुंफलं होतं. त्याच वर्षी संघ जिंकलाही. वेकफिल्ड २०२३ च्या ऑक्टोबरात गेला. त्याच्या बाटल्या अजून कुणाकुणाच्या कपाटात असतील, आणि वाटतं, त्या कुणी उघडाव्यात.

शॅम्पेनची गोष्ट निराळी. ती जिंकल्याबरोबर फुटते. १९६९ मध्ये न्यूयॉर्क मेट्स पहिल्यांदा आपल्या लीगमध्ये विजेते झाले तेव्हा अभिनंदनाला खाली आलेले महापौर जॉन लिंडसे खेळाडूंनी डोक्यावर शॅम्पेन ओतून चिंब करून टाकले. त्यांची निवडणूक तोंडावर होती, आणि तो फोटो त्यांना फळला असं लोक म्हणतात. आपल्याकडच्या १९८३ च्या लॉर्ड्सची शॅम्पेनही कपिलनं वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममधून मागून आणली होती, कारण आपल्यासाठी कुणी ती मागवलीच नव्हती. ते मला फार जवळचं वाटतं. न ठरवलेला आनंद, दुसऱ्याच्या पेटीतून आलेला. पण ती रात्र संपते, गालिचे वाळतात. शॅम्पेन आठवण ठेवण्यासाठी नसतेच. ती त्या क्षणाचीच असते आणि तिनं तसंच असावं.

उशिरा येणाऱ्या वाइनचा विचार करताना मला नापात काम करणारे रोलांदो हेरेरा आठवतात. मेक्सिकोतून आलेला हा मुलगा नापाच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायचा. मग स्टॅग्ज लीप या वाइनरीच्या वॉरन विनियार्स्कींकडे दगड फोडायच्या कामावर लागला, तिथून तळघरात गेला आणि पुढे स्वतः वाइनमेकर झाला. डेव्ह रॉबर्ट्स आणि रिच ऑरिलिया हे खेळाडू आणि त्यांचा एक मित्र अशा तिघांनी 'रेड स्टिच' नावाची वाइन काढायचं ठरवलं, ती घडवली हेरेरांनी. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात, हातानं घातलेले. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या बोटांनी नकळत आजीची माळ चाचपली. रॉबर्ट्स म्हणजे २००४ मध्ये बॉस्टनकडून खेळताना, संघ पराभवाच्या काठावर असताना, दुसरा तळ चोरणारा, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या तळाकडे धावत सुटणारा, तोच धावपटू. चेंडू आणि माणूस यांत डोळ्याची पापणी लवेल एवढं अंतर. आज तो लॉस एंजलिस डॉजर्सचा मॅनेजर आहे. इतक्या घाईत आयुष्य काढलेल्या माणसाला पिंपांशेजारी थांबावंसं वाटलं याचं मला बरं वाटतं.

विनियार्स्कींचं नाव निघालं म्हणून एक योगायोग सांगते, मला तो कुणीच सांगितलेला नाही, तारखा शेजारी ठेवल्यावर दिसला. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी डोळे झाकून, म्हणजे लेबल न बघता, वाइन चाखल्या आणि लाल वाइनमध्ये पहिली आली ती स्टॅग्ज लीपची १९७३ ची काबर्ने. नापाचं नाव जगभर झालं ते तिथून. तर त्याच १९७३ च्या शरदात, नापापासून तासाभरावर असलेल्या ओकलंडमध्ये मेट्स पुन्हा वर्ल्ड सिरीज खेळत होते. २० ऑक्टोबरला सहाव्या सामन्यात त्यांचा सर्वोत्तम पिचर ३-१ नं हरला, आणि दुसऱ्या दिवशी संघही हरला. हरलेल्या संघासाठी कुणी आठवणीची बाटली काढत नाही. पण त्या वर्षीची सगळ्यात मोठी वाइन त्याच आठवड्यांत, त्याच हवेत आकार घेत होती. आणि तो हरलेला पिचर पुढे पंचवीस वर्षांनी त्याच खोऱ्यात स्वतःची द्राक्षं लावायला येणार होता.

टॉम सीव्हर.

मी बेसबॉल इकडे येऊन शिकले, तेही हळूहळू. आकडे सांगायचे तर त्याचे आकडे प्रचंड आहेत: ३११ विजय, ३,६४० स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज. १९६९ मध्ये २५ विजय मिळवून त्यानं एका हास्यास्पद ठरलेल्या संघाला विजेता केलं, तोच मेट्स संघ ज्यानं १९६२ मध्ये एका हंगामात १२० सामने गमावले होते. १९७० मध्ये सॅन डिएगोविरुद्ध त्यानं ओळीनं शेवटच्या दहा फलंदाजांना स्ट्राइकआउट करून परत पाठवलं. पण मी त्याच्या प्रेमात पडले ते आकड्यांमुळे नाही, त्याच्या गुडघ्यामुळे. चेंडू टाकताना तो इतका खाली जायचा, सगळी ताकद पायांतून अशी पुढे लोटायचा की त्याचा उजवा गुडघा मातीला घासायचा. सामना संपला की पांढऱ्या पँटवर उजव्या गुडघ्याला मातीचा डाग. त्याच्या जुन्या फोटोंत तो डाग शोधायची मला सवय लागली. शेतातून आलेल्या माणसाची ती खूण मला ओळखीची होती.

आणि तो आलाही होता द्राक्षांतूनच. सीव्हर कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. फ्रेस्नो म्हणजे अमेरिकेतलं बेदाण्याचं गाव. त्याचे वडील चार्ल्स उत्तम हौशी गोल्फपटू होते आणि नोकरी बेदाणा पॅक करणाऱ्या कंपनीत. शाळा संपल्यावर टॉमही तिथेच काही महिने बेदाण्याच्या अवजड पेट्या उचलायच्या कामाला होता. त्याला ते काम मुळीच आवडलं नाही, आणि मला ते पूर्ण पटतं. आमच्या शेडवर बेदाणा पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्सात भरला जायचा, आणि सुट्टीत आलेल्या माझ्या चुलत भावांच्या खांद्यांची सालं निघायची. फ्रेस्नोत द्राक्षं ओळींच्या मधोमध कागदावर पसरून सरळ उन्हात वाळवतात, त्यामुळे बेदाणा काळसर होतो. आमच्याकडे सावलीत वाळतो, म्हणून पिवळा-हिरवा राहतो. पण द्राक्ष एकच: थॉमसन सीडलेस. आमच्या तालुक्यातला तास-ए-गणेश हा त्याच थॉमसनमधून निवडलेला वाण. टॉम सीव्हरच्या आणि माझ्या बालपणात निदान एक फळ सामाईक होतं, हे कळलं तेव्हा मी आबांना लगेच फोन केला होता.

खेळणं संपल्यावर, १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यानं आणि बायको नॅन्सीनं कॅलिस्टोगाजवळ डायमंड माउंटनवर ११६ एकरांचं रान घेतलं. झाडी, झुडपं, दगड. त्यातून त्यानं द्राक्षांसाठी जागा काढली ती साडेतीन एकर. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार, ज्वालामुखीच्या राखेची माती, आणि काबर्ने सोव्हिन्यों. पहिली वाइन २००५ च्या पिकाची. नाव ठेवलं जीटीएस, म्हणजे जॉर्ज थॉमस सीव्हर, त्याचं पूर्ण नाव; आणि दुसरी नॅन्सीज फॅन्सी. वाइन घडवायला थॉमस रिव्हर्स ब्राउन होता, या खोऱ्यातला नावाजलेला माणूस. पण बागेत मात्र टॉम स्वतः. नुसतं नाव विकत देणाऱ्या प्रसिद्ध माणसांपैकी तो नव्हता. रोज सकाळी कुत्री सोबत घेऊन ओळींमधून फिरायचा, फुटवे काढायचा, छाटणीची कात्री हातात.

छाटणी काय असते हे ज्यानं केली आहे त्यालाच कळतं. आमच्याकडे वर्षातून दोनदा, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी, कारण आमच्या वेलीला हिवाळा झोपू देत नाही. तिकडे वेल पानं टाकून खरंच झोपते आणि छाटणी एकदाच, थंडीत, ओल्या धुक्यात. पण करायचं तेच. एकेका काडीसमोर उभं राहायचं, तिचे डोळे, म्हणजे जिथून फुटवा येतो त्या गाठी, मोजायचे आणि ठरवायचं की पुढच्या वर्षीचं पीक कुठून येणार. चुकीचा डोळा ठेवला तर वर्षभर तो चुकीचाच घड देत राहतो. छाटलेल्या टोकातून मग पाणी ठिबकायला लागतं. आबा म्हणायचे, "वेल रडाय लागला की समजायचं जागा झाला." समोर फलंदाज उभा असताना पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे वीस वर्षं ठरवत आलेल्या माणसाला या कामाचा कंटाळा येणं शक्यच नव्हतं.

मग त्याची आठवण जायला लागली. लाइम रोग त्याला पूर्वी होऊन गेला होता. २०१३ मध्ये बातम्या आल्या की जुन्या ओळखीच्या माणसांनाही तो ओळखत नाही, झोप लागत नाही. तरी तो बागेत जात राहिला. मला इथे काही मोठं तत्त्वज्ञान सुचत नाही, फक्त चित्र दिसतं. नाव आठवत नसेल, पण हातात काडी आली की अंगठ्याला डोळा सापडत असेल. आमच्या आजीचं शेवटी तसंच झालं होतं. मला ती कुणाची म्हणून विचारायची आणि बेदाण्यातली काडी मात्र न बघता बरोबर वेगळी काढायची.

२०१७ च्या मे महिन्यात १९६९ च्या संघातले त्याचे चार सोबती त्याला भेटायला कॅलिस्टोगाला आले. आर्ट शॅम्स्की, जेरी कूसमन, रॉन स्वोबोडा आणि बड हॅरेलसन. टॉमला प्रवास झेपत नव्हता, म्हणून सगळे सत्तरी ओलांडलेले हे म्हातारे देश ओलांडून डोंगर चढून त्याच्या दारात गेले. यांतला हॅरेलसन म्हणजे दौऱ्यांवर त्याच्याच खोलीत राहणारा, त्याचा जिवलग. त्याला तेव्हा अल्झायमर झालेला होता. स्वोबोडा तो, ज्यानं १९६९ च्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात, सीव्हर पिचिंग करत असताना, उजव्या बाजूला आडवं झेपावून तो अशक्य झेल घेतला होता. कूसमननं पाचवा, शेवटचा सामना जिंकून दिला होता. दोघांच्या आठवणी विरत चाललेल्या, उरलेल्यांच्या शाबूत, आणि जी गोष्ट एकाला आठवत नसेल ती दुसरा सांगणार. सगळे त्या बागेत फिरले, घरात बसले, दिवसभर बोलले.

विजेत्यांसाठी केलेली वाइन म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आता तोच दिवस येतो. तिच्या लेबलवर विजेतेपदाचा उल्लेख नव्हता, मेट्सचं चिन्ह नव्हतं, १९६९ हा आकडाही नव्हता. ती लिलावासाठी केलेली नव्हती. त्या संघातल्याच एकानं आपल्या गुडघ्याएवढ्या रोपांपासून वाढवलेल्या वेलींची ती होती, आणि ज्यांच्यासोबत तो जिंकला त्यांच्यातले चौघं तिच्यापर्यंत चालत आले होते. संघ विखुरल्यावर तयार होणारी वाइन त्यासाठीच असते असं मला वाटतं. विखुरलेल्यांना पुन्हा एका टेबलाशी आणायला तिला इतकी वर्षं लागतात. लवकर तयार झाली असती तर तिचा उपयोग काय होता? तेव्हा तर ते रोज भेटतच होते.

आणि म्हणून ती उघडावी लागते. कुणीतरी बूच ओढावं लागतं, पेल्यात ओतावं लागतं, रिकामी बाटली मागे ठेवावी लागते. दादांच्या शोकेसमधली बाटली मला टोचत राहिली ती यामुळे. पुढे एकदा मी धीर करून वहिनींना फोन केला आणि सांगितलं की निदान आडवी करा, उन्हातून काढा, आणि शक्य झालं तर ज्यांच्यासोबत तुम्ही त्या रात्री टीव्हीसमोर ओरडत होता त्यांना बोलवा. वहिनी म्हणाल्या, "त्यातले दोघं टेक्सासला गेले गं आता." मी म्हटलं, "मग तर बोलवाच."

२०१९ च्या मार्चमध्ये सीव्हरच्या घरच्यांनी जाहीर केलं की त्याला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि तो आता लोकांसमोर येणार नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला त्या विजयाची पन्नाशी साजरी झाली, मैदानाबाहेरच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं, पत्त्याला त्याच्या पाठीवरचा ४१ हा आकडा दिला. तो तिथे नव्हता. काढणी तोंडावर आलेली असताना, २०२० च्या ३१ ऑगस्टला तो गेला. हॅरेलसन २०२४ च्या जानेवारीत.

हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांना बेसबॉल कळत नाही आणि वाइनमध्ये रस नाही, पण द्राक्षाची गोष्ट म्हटल्यावर ते फोन ठेवत नाहीत. रान किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, साडेतीन एकर.

"म्हंजे आपल्याएवढंच की गं."

"हो आबा."

"एकरी काय निघायचं?"

डोंगरउतारावरच्या काबर्नेला एकरी दोन-तीन टन म्हणजे ठीकच म्हणायचे. मी तसं सांगितलं. दहा-बारा टनांची सवय असलेल्या माणसाला ते ऐकून वाईट वाटलं असावं. आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "छाटणी मजूर लावून का सवता?"

"स्वतः. रोज सकाळी बागेत असायचा."

"मग खेळाय बी चांगलाच आसंल," आबा म्हणाले, आणि यंदा वेलींवर डावणी रोग किती आलाय ते सांगायला लागले.